हरवलेल्या मुलीचा बायोडाटा

मी हरवले होते तेव्हा चिखलदऱ्याला होते. लॉजच्या रजिस्टरमध्ये माझं नाव, पत्ता आणि आधार नंबर माझ्याच अक्षरात लिहिलेला होता. त्यामुळे मी हरवले आहे, हे मला दोन दिवस कळलं नाही.

शनिवारी सकाळी निघाले. आईला सांगितलं, ऑफिसला जादा काम आहे. नांदगाव पेठच्या एका कापडाच्या युनिटमध्ये मी कामगारांच्या हजेऱ्या आणि रजा बघते. तिथे अधूनमधून जादा काम असतं, म्हणून आईने काही न विचारता डबा दिला. तो मी परतवाड्याला गाडी बदलताना स्टँडवर बसून खाल्ला.

रविवारी मला बघायला लोक येणार होते. बघायला हे म्हणण्यापुरतं. आईने त्यांना फोनवर होकार देऊन टाकला होता, कारण वडील वेगळे राहतात हे ऐकूनही ज्यांनी फोन ठेवला नाही, असे ते पहिलेच लोक होते. मुलगा चांगला असेलही. त्याच आठवड्यात ऑफिसात साहेबांनी विचारलं होतं, सुरतच्या युनिटला जागा आहे, जाशील का. म्हणजे दोन ठिकाणी उत्तर द्यायचं होतं. एका ठिकाणी ते माझ्या वतीने जाऊन पोचलं होतं. दुसऱ्या ठिकाणी मी "घरी विचारून सांगते" म्हटलं होतं आणि घरी विचारलं नव्हतं, कारण विचारलं की उत्तर मिळतं.

घाट चढायच्या आधी मी आईला मेसेज लिहिला: कामाला गेले नाही, बाहेर आले आहे, सोमवारी येते, उद्याचं रद्द कर. पाठवला. संध्याकाळी लॉजवर बघितलं तर मेसेजशेजारी घड्याळाचं छोटं चित्र तसंच होतं. तो गेलाच नव्हता. लॉजवाले काका म्हणाले, "तुमच्या कंपनीची रेंज अठी नाई येत. त्या पॉइंटवर जा, वीस मिनिटं चालत. तठी दोन डंडे येतात."

मी गेले नाही. इथे मला काही सुंदर कारण देता आलं असतं, पण कारण नव्हतं. थंडी होती आणि मी कॉफी मागवली होती. रविवारीही गेले नाही, आणि रविवारी तर ऊन होतं.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. अमरावतीला त्यांचं छपाईचं दुकान होतं: लग्नपत्रिका, फ्लेक्स, बायोडाटा, बिलबुकं. मी तेरा वर्षांची असताना ते मशीन घेऊन अकोल्याला गेले, कारण तिथे भावाची जागा कमी भाड्यात मिळत होती. आधी दर शनिवारी यायचे. मग एकाआड एक. मग आई एकदा म्हणाली, येत नसाल तर कळवत जा, म्हणजे पोळ्या कमी टाकीन. बाबांनी कळवलं. आमच्याकडे घटस्फोट झाला नाही. शनिवार संपले, एवढंच झालं. शेवटी शेवटी माझ्या वाढदिवसाला त्यांचा मेसेज यायचा, त्यावर त्यांनीच डिझाइन केलेला केक असायचा. केकवर एकदा दुसऱ्याच मुलीचं नाव होतं.

हे त्यांच्या काम करण्याच्या पद्धतीमुळे होतं. बाबा नवीन फाइल कधी उघडत नसत. जुनी फाइल उघडायची, त्यातली नावं बदलायची, दुसऱ्या नावाने सेव्ह करायची. त्यामुळे काम लवकर होतं आणि कधीकधी श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर खाली कोपऱ्यात फुगे राहून जातात.

मी नव्हते त्या दोन दिवसांत काय झालं, ते मी नंतर दोघांकडून वेगवेगळं ऐकलं. जिथे दोघांचं जुळतं तेवढंच सांगते.

शनिवारी संध्याकाळी आईने माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन केला आणि जादा काम नव्हतं हे तिला कळलं. मग तिने बाबांना फोन केला. सहा वर्षांनी. आई एका खाजगी प्राथमिक शाळेत शिकवते. ती माझ्याशी जन्मापासून शुद्ध बोलत आली आहे, कारण मला इंग्रजी शाळेत घातलं तर घरचं मराठी तरी पुस्तकासारखं असावं, असं तिचं मत होतं. घाबरली किंवा चिडली की मात्र तिची वऱ्हाडी बाहेर येते.

"तुमच्याकडे आली काय?" तिने विचारलं.

"कोण?" बाबा म्हणाले.

"कोण म्हंजे? किती पोरी हाय तुमाले?"

बाबांनी सांगितलं की आली नाही. आई म्हणाली, कोणाले सांगू नका. उद्या पाहुणे येऊन राहिले, मी त्याइले ताप हाय म्हणून सांगते. उद्यापर्यंत येईन ती. बाबा म्हणाले, बरं.

फोन ठेवल्यावर बाबांनी कॉम्प्युटर सुरू केला.

आईला जे लपवायचं होतं, त्याच्या त्यांनी पाचशे प्रती काढल्या. शिवाय त्याचा फोटो आपल्या समाजाच्या वधू-वर ग्रुपवर टाकला. छपाईवाले अशा ग्रुपांत असतातच, कामं मिळतात. त्यांच्या फोनमधला सगळ्यात मोठा ग्रुप तोच होता. रविवारी दुपारी ते गठ्ठा घेऊन अमरावतीला आमच्या दारात आले. आईने एक कागद वाचला आणि दार लावून घेतलं. मग ते एसटी स्टँडवर गेले आणि वाटायला लागले. रात्री तिथेच एका लॉजवर राहिले. सोमवारी सकाळी पुन्हा सुरू.

सोमवारी दुपारी माझी गाडी अमरावतीच्या स्टँडवर लागली. फोन चार्जिंग संपून लॉजवरच बंद पडला होता, त्यामुळे घाट उतरूनही आईला मेसेज गेला नव्हता. मी इथल्या सगळ्या मुलींसारखा चेहऱ्याला स्कार्फ बांधला होता. डोळे सोडून काही दिसत नाही असा. धुळीसाठी बांधतो असं आम्ही सांगतो. मला तो धूळ नसली तरी आवडतो.

गाडीतून उतरले आणि एका माणसाने माझ्या हातात गुलाबी कागद दिला.

"ताई, परतवाडा लाइनवरून आल्या ना? ही पोरगी कुठी पाह्यली का?"

मी आवाजावरून ओळखलं. माणसाला ओळखायला थोडा वेळ लागला. केस बरेच गेले होते, आणि शर्टाच्या खिशाला दोन पेनं होती, ती मात्र तशीच. मी मान हलवली. हो की नाही, ते माझं मलाही ठरवता आलं नव्हतं. त्यांनी ते नाही असं धरलं आणि पुढच्या बाईकडे वळले.

मी चार पावलांवरच्या बाकावर बसून कागद वाचला. मी मराठी दुकानाची पाटी वाचावी तशी वाचते, एकेक शब्द. त्यामुळे वेळ लागला.

सगळ्यात वर 'श्री गणेशाय नमः' होतं. चारी बाजूंनी आंब्याच्या पानांची किनार, दोन कोपऱ्यांत कलश. जिथे 'परिचय पत्र' असतं तिथे 'हरवली आहे' होतं, त्याच वळणदार अक्षरात. खाली माझा फोटो. आईने मला साडी नेसवून स्टुडिओत काढून आणला होता तो, मागे खोटं कारंजं. फोटोच्या बाजूला जन्मवेळ: सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. रास. नाडी: अंत्य. मंगळ: नाही. रक्तगट. वर्ण: गव्हाळ. उंची: पाच फूट तीन इंच. शिक्षण. मग वडिलांचं नाव, आणि त्यापुढे 'व्यवसाय, अकोला'. मामा: दोन, दोघेही नोकरीत.

कधीपासून हरवली, कुठून हरवली, अंगावर काय कपडे होते, यातलं काहीही नव्हतं.

आईने माझा बायोडाटा त्या ग्रुपवर टाकला होता आणि बाबांनी तो तिथून घेतला होता. मला कित्येक वर्षं न पाहिलेल्या माणसाकडे माझी माहिती म्हणून तेवढंच होतं. बाकीचं त्यांनी नेहमीच्या पद्धतीने केलं होतं. पगाराची ओळ काढली होती, हे खरं. आणि संपर्काच्या नंबरावरची ओळ बदलली होती. बायोडाट्यात तिथे 'अपेक्षा' असते. आईने 'निर्व्यसनी, सरकारी नोकरी किंवा स्वतःचा व्यवसाय' असं लिहिलं होतं. आता तिथे होतं, 'अपेक्षा: काही नाही.'

ती ओळ मी दोनदा वाचली. नंतर त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, आणखी एक ओळ काढली असती तर खालचा मजकूर वर सरकत होता आणि डिझाइन बिघडत होतं.

बाकावरून ते नीट दिसत होते. मी त्यांना काम करताना लहानपणानंतर पहिल्यांदाच पाहत होते. प्रत्येक कागद ते सरळ करून देत होते, फोटो समोरच्याकडे. एका बाईने त्यात फुटाणे बांधून घेतले. दुसरीने कागद लांब धरून बघितला आणि म्हणाली, "भाऊ, साडी कुठून घेतली ही?"

मग दर्यापूरच्या गाडीसाठी थांबलेले एक काका आले. डोक्याला मफलर, हातात पिशवी. त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. माझ्यापेक्षा भरभर.

"मंगळ नाई म्हणता?"

"नाई," बाबा म्हणाले.

"पोरगी नाकीडोळी चांगली हाय. आमच्या भाच्यासाठी पाहून राहिलो आमी. दर्यापूरले मेडिकल हाय त्याचं."

"अहो, हरवली हाय ती."

"थे वाचलं ना मी. पण सापडल्यावर?"

"सापडू तर द्या आधी!"

"सापडन हो. आजकालच्या पोरी कुठी जातात? सापडल्यावर काय म्हणता, थे सांगा. कागदावर तर अपेक्षा काही नाई म्हणून लिवलं तुमी."

बाबांनी हातातला गठ्ठा दुसऱ्या हातात घेतला.

"मी काय सांगू?" ते म्हणाले. "तिले इचारून सांगतो."

काका म्हणाले, "घ्या बाप्पा! पोरीले कोणी इचारते काय?" आणि हसत नंबर फोनमध्ये टाकून गाडीकडे गेले.

मी बाकावरच होते. त्या आठवड्यात माझ्या लग्नाबद्दल आई, दोन्ही मामा, शेजारच्या काकू आणि एक ज्योतिषी बोलले होते. मला विचारायचं पहिल्यांदा कोणी म्हटलं ते एका परक्या माणसाला, आणि मी नसताना. निदान मी नाही असं समजून. घरी निघून जाता आलं असतं. बाबा आणखी तासभर वाटत राहिले असते, मग आईने त्यांना कळवलं असतं किंवा नसतं. मी तेही करण्याच्या बेतात होते, हे सांगायला हवं.

मी उठून त्यांच्यासमोर गेले आणि स्कार्फ सोडला. त्याला तीन पिना असतात. दोन निघाल्या, तिसरी अडकली. बाबा अर्धा चेहरा बघत उभे राहिले. मग त्यांनी हातातल्या कागदाकडे बघितलं, मग परत माझ्याकडे. छापलेलं मुळाशी ताडून बघतात तसं.

"उंची बरोबर हाय काय?" त्यांनी विचारलं.

"पाच दोन," मी म्हटलं. "आईने एक इंच वाढवला."

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि वरच्या कागदावर तीनचे दोन केले. एकाच कागदावर. मग पेन परत खिशाला लावताना ते दोनदा चुकलं.

"कुठी होती?"

"चिखलदऱ्याला."

"कोणासंग?"

"एकटीच."

"थंडी असन तठी," ते म्हणाले. मी म्हटलं, होती.

रिक्षाने घरी आलो. गठ्ठा आमच्या दोघांच्या मध्ये होता. आईने दार उघडलं, मला आत ओढलं, पाठीवर एक धपाटा घातला आणि मग तो जिथे बसला होता तिथेच हात फिरवत राहिली. बराच वेळ. तिची बांगडी माझ्या स्वेटरमध्ये अडकली होती, ती सोडवायलाही तिने हात काढला नाही. मग तिला दारात उभे असलेले बाबा दिसले.

"पाचशे?" ती म्हणाली. "पाचशे छापले तुमी?"

"तीनशे वाटले फक्त."

"अन् ग्रुपवर? माह्या पोरीची नाडी साऱ्या अमरावतीले वाचायले दिली! पाहुण्याईचा फोन आलता सकाळी. म्हणे, ताप आलेली पोरगी हरवली कशी?"

"मंग तू काय म्हटलं?"

"काय म्हणू? तुमचं डोकं म्हणू? नाई म्हणाले ते. मोडलं लग्न."

मला वाईट वाटायला हवं होतं. मी खाली बघत राहिले, म्हणजे तसं वाटत असल्यासारखं दिसावं.

"पोलिसात का नाही गेलात?" मी विचारलं. माझा प्रश्न कोणाला आवडला नाही. आई म्हणाली, पोलिसात गेलं की नाव खराब होतं. बाबा म्हणाले, मी जाणारच होतो, पण आधी छापून घेतलं, म्हणजे त्यांना देता आलं असतं. त्यावर आईने कपाळाला हात लावला. तरी पाणी दिलं. बाबा दारातच उभ्याने प्यायले आणि पाच वाजताच्या गाडीने अकोल्याला गेले. उरलेले कागद घेऊन गेले. मागची बाजू कोरी होती, कच्च्या बिलांना चालते.

हे इथे संपेल असं मला वाटलं होतं. पण कागदावर संपर्क म्हणून बाबांचा नंबर होता.

आठवड्याभरात फोन सुरू झाले. ग्रुपवर आधी नुसती जोडलेल्या हातांची चित्रं आली होती. मग कोणीतरी लिहिलं, 'मुलगी पसंत आहे, सापडल्यावर कळवावे.' मग बाकीच्यांनाही ते सुचलं. हरवण्याने माझी किंमत कमी होईल, अशी आईची भीती होती. झालं उलट. एका गृहस्थांनी बाबांना सांगितलं की दोन दिवसांनी स्वतःहून घरी परत येणारी मुलगी संसाराला चांगली.

बाबा प्रत्येक वेळी मला फोन करायचे. दुकानात मशीन चालू असायचं, त्यामुळे ओरडून.

"अचलपूरचं आलं एक. तलाठी हाय. काय सांगू?"

"नाही सांगा."

"बरं."

पुढे काही नाही. का नाही, वय किती झालं, लोक काय म्हणतील, यातलं काही नाही. बरं, म्हणून फोन बंद. दर्यापूरच्या मेडिकलवाल्यालाही त्यांनी तसंच कळवलं. आपल्या 'नाही'नंतर समोरचा गप्प बसतो, याची सवय व्हायला मला चार-पाच स्थळं लागली. आईला हे फोन माहीत होते. ती लांबून ऐकायची आणि भांडी जरा मोठ्याने ठेवायची.

ऑफिसात साहेबांनी मला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. ती संपायच्या दोन दिवस आधी दुपारी बाबांचा फोन आला. मूर्तिजापूरचा मुलगा होता, बँकेत.

"काय सांगू?"

"नाही सांगा," मी म्हटलं. आणि मग त्याच श्वासात, कारण थांबले असते तर बोलले नसते, "मी सुरतला चालले आहे. नोकरीसाठी. आज हो सांगून टाकलं."

मशीन चालत राहिलं. मग बंद झालं.

"आईले सांगितलं?"

"नाही."

"मी सांगू काय?"

"नको. मी सांगते."

"बरं," बाबा म्हणाले.

घरी आले तेव्हा आई जमिनीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी चपला न काढताच सांगितलं. सुरत, पुढच्या महिन्यात, राहायची सोय कंपनीची, हो कळवलं आहे. घरात मी एका दमात एवढं कधी बोलत नाही. आईने दाणे बोटांनी सारखे केले.

"त्यांना माहीत आहे?" तिने विचारलं. शुद्ध मराठीत.

खोटं बोलावं, असं वाटलं. मी म्हटलं, "हो. दुपारी सांगितलं."

"आधी त्यांना."

बारा वर्षं डबा तिने दिला होता, फी तिने भरली होती, तापात ती जागली होती. ज्याने एक चुकीचा कागद छापला, त्याला आधी कळलं. त्याने विचारलं म्हणून, हे उत्तर आहे, पण ते मी तिच्या तोंडावर देऊ शकले नसते.

तिने हात पुढे केला. मला वाटलं, पिशवी मागते आहे. तिला माझा फोन हवा होता. तिने बाबांना लावला आणि स्पीकरवर टाकला, कारण तिचे हात शेंगांचे होते.

"तुमी हो म्हटलं काय तिले?"

"मी कायले हो म्हणू?" बाबांचा आवाज आला. "मले तिनं इचारलंच नाई. नुसतं सांगितलं."

आईने माझ्या पायांकडे बघितलं.

"मलेबी नाई इचारलं," ती म्हणाली. "चपलासुद्धा नाई काढल्या."

"घ्या!"

"तुमच्यावर गेली."

"माह्यावर? मी तुले सांगून गेलतो अकोल्याले."

"इचारलं होतं काय?"

बाबा म्हणाले, "नाई."

"मंग," आई म्हणाली, आणि एक शेंग उचलली. "सुरतले राहायचं बरं असते काय पण? तुमाले कोणी ओळखीचं हाय तठी?"

"कागदवाला एक हाय. इचारतो."

"इचारा. अन् जेवणाचं पाहा. ते साऱ्यात साखर घालतात म्हणे."

"वरणातबी घालतात."

"ह्या बाप्पा."

ते बोलत राहिले. मला कोणी काही विचारलं नाही. मी चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या.